दोन्ही हब लॉक होते

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आंब्याच्या कलमांना शेणखत घालून आलो. त्यात विशेष काही नाही. सकाळी गाडीच्या हौद्यात गोणी भरल्या, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर गेलो, एकेका कलमाच्या मुळाशी खत टाकलं, खोपीत बसून भाकरी खाल्ली आणि दुपारी खाली उतरलो. येताना परह्याला, म्हणजे वाटेतल्या ओढ्याला, पाणी होतं. मी गाडी जोरात काढली आणि खिडकीतून सगळं पाणी हिच्या अंगावर आलं. ती तडकली. म्हातारा झालात पण अक्कल आली नाही, म्हणाली, आणि घरापर्यंत बोलली नाही. त्यानंतर चार दिवसांनी अंगणातच तिला अटॅक आला. डॉक्टरकडे नेईपर्यंत संपलं.

आता पुढचं सांगतो. आधीच सांगून ठेवतो, भूत, चकवा, राखणदार असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. मी पस्तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिनाचं काम केलं. वरचे खलाशी सांगायचे, पाण्यावर दिवा दिसला, कोणी हाक मारली. मी खाली इंजिनाजवळ असायचो, मला इंजिनाशिवाय कधी काही ऐकू आलं नाही. शिक्षण सातवी नापास. हे मी वहीत लिहिलंय, शेजारची सून स्वाती मोबाईलवर टाइप करून देते. चुका असल्या तर माझ्या.

आमचं घर आरे-वारेच्या रस्त्याला आत. कलमं वर सड्यावर. डांबरी रस्ता संपला की काजूचं एक झाड आहे, तिथून वर घाटी लागते. घाटी म्हणजे नुसता कातळ कापून काढलेली चढण, अर्धा किलोमीटर असेल. उन्हाळ्यात कोणतीही गाडी चढते. पावसात कातळावर शेवाळ धरतं, मग माणूससुद्धा चप्पल हातात घेऊन चढतो.

त्यासाठीच ती जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली होती. चिऱ्याच्या खाणीवर राबलेली गाडी, पार खिळखिळी. बोटीवरून उतरल्यावर मला दुसरा धंदा नव्हता, मी तिच्यामागे लागलो. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी उंच केली, टायर मोठे घातले, परह्यात पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून हवेचा पाईप काचेच्या बाजूने वर टपापर्यंत नेला. पोरं रस्त्यात थांबून फोटो काढायची. ही मात्र पहिल्या दिवशी दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी उंच केलात, आता मला चढायला माडाची शिडी आणून ठेवा." मग तिच्या बाजूला पाईपची पायरी वेल्डिंग करून दिली.

या गाडीची एक गोष्ट समजली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवीन गाड्यांना बटण दाबलं की चारी चाकं ओढतात. आमच्या गाडीला तसं नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक हब असतो, वाटीएवढा. खाली उतरून तो हाताने फिरवून लॉक करावा लागतो. मग आत बसून छोटा गियर घालायचा, तेव्हा पुढची चाकं ओढायला लागतात. हब फ्री असेल तर छोटा गियर कितीही घाला, मागचीच दोन चाकं फिरणार.

हे हबचं काम हिचं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं एकदा बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडली, त्यांना जोर नाही. उजव्या चाकाचा हब तर इतका घट्ट की पकडीशिवाय मला फिरतच नाही. ही पदराची घडी त्यावर ठेवायची आणि एका हिसक्यात फिरवायची. काजूखाली मी गाडी थांबवायची. ती उतरायची, आधी डावा, मग बोनेटसमोरून येऊन उजवा, मग मागून फिरून पुन्हा आपल्या जागेवर. तोवर मी तंबाखू मळायचो. माझी तंबाखू मळून होते तोवर तिचं काम झालेलं असायचं. पंधरा वर्षं असंच. ती माहेरी नाहीतर मुलीकडे गेली असेल तर मी वर जायचोच नाही. एकदाच शहाणपणा केला होता. हब न लावता एकटाच गेलो, वीस पावलं चढलो आणि गाडी घसरत घसरत खाली काजूपर्यंत आली. परत आल्यावर ही ऐकून हसत सुटली. "माझ्याशिवाय जाताच कशाला," म्हणाली.

ती गेल्यावर अडीच महिने मी वर गेलो नाही. गाडी पडवीला लावून ठेवली होती. मुलगी मंगल अलोऱ्याला असते, जावई तिथेच नोकरीला. तिचा रोज फोन. बाबा, एकटे काय करणार तिथे, कलमं कराराने द्या, गाडी विका आणि इकडे या. चुकीचं बोलत नव्हती. गाडी नसेल तर मला सड्यावर जाता येत नाही, आणि सड्यावर जायचं नसेल तर मी घरात नुसता बसून करू काय? शेवटी हो म्हटलं. जावयाच्या ओळखीचा एक माणूस गाडी बघायला येणार असं ठरलं. गणपती झाल्यावर.

तो यायच्या दोन दिवस आधी मंगलने फोटो मागितले. सकाळी मी गाडी धुतली. पान्ह्याची पेटी, दोऱ्या, सगळं काढून पडवीत ठेवलं. स्वातीने मोबाईलवर फोटो काढले... पुढून, मागून, आणि चारी चाकांचे जवळून, टायर चांगले आहेत ते दिसायला पाहिजे म्हणून. तिने ते लगेच मंगलला पाठवले. मग मला वाटलं, खोपीत फवारणीचा पंप आहे, कोयते आहेत, ते उद्या-परवा आणायला गाडी नसेल. आत्ताच जाऊन आणू. तसाच निघालो. वाटेत कुठे थांबलो नाही, कोणी भेटलं नाही.

काजूखाली आलो आणि गाडी थांबवली.

आता इथे माझी चूक सांगतो. मी सवयीने थांबलो. सवयीने खिशातून पुडी काढली, तंबाखू मळली, तोंडात टाकली. ती झाल्यावर छोटा गियर घातला आणि निघालो. ती नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अडीच महिने चोवीस तास तेच डोक्यात होतं, आणि नेमकं त्या पाच मिनिटांत नव्हतं.

लोक विचारतात, दरवाजा वाजला का. नाही. कोणी समोरून गेलं का. मी मान खाली घालून तंबाखू मळत होतो. वारा आला, वास आला, थंडी वाजली, असलं काही नाही. खोटं कशाला सांगू?

गाडी चढली. शेवाळ होतं, गवत दोन्ही बाजूंनी आत आलेलं, तरी कुठे चाक जागच्या जागी फिरलं नाही की गाडी घसरली नाही. नेहमीसारखी घोरत घोरत वर गेली. खोपीसमोर लावली, इंजिन बंद केलं आणि डाव्या हाताला बघून म्हटलं, "चल, उतर."

तेव्हा कळलं.

आधी ती नाही हे कळलं. ते कळायला वेळ लागला. तसाच स्टिअरिंगला धरून बसलो होतो. आणि मग, किती वेळाने देव जाणे, दुसरं डोक्यात आलं, की मग हब कोणी लावले?

उतरलो. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी कसा उतरलो आठवत नाही. डावा बघितला, लॉक. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्या हबवरची खूण पंधरा वर्षं बघतोय. बोनेटला धरून पुढून फिरलो. उजवाही लॉक. हात लावून बघितला, गरम होता. पण चढ चढून आल्यावर तो गरम असतोच, त्यात काही नाही.

पंप घेतला नाही, कोयते घेतले नाहीत. कलमांकडेही बघितलं नाही. गाडी तशीच वळवून खाली आणली आणि सरळ इक्बालच्या गॅरेजला नेली.

इक्बाल माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण गाडीच्या सगळ्या कामात तो बरोबर होता. पाटे त्यानेच बसवले. त्याने आधी मला स्टुलावर बसवून पाणी दिलं, मग दोन्ही हब खोलले. आतले दात चांगले, स्प्रिंग चांगली. चालता चालता हब आपोआप लॉक होतो का, विचारलं. एखादा सैल असेल तर हादऱ्याने कधी होईल, म्हणाला, पण हा उजवा बघा ना चाचा, मलाच दोन हातांनी फिरवावा लागतोय. मग हळू आवाजात म्हणाला, "आधीपासूनच लॉक असतील. तुमच्या ध्यानात नसेल."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. घरी येऊन स्वातीला म्हटलं, सकाळचे फोटो दाखव. तिने चाकाचा फोटो बोटांनी मोठा केला. डावा, फ्री. उजवा, फ्री. खूण स्पष्ट दिसत होती, धुतलेलं होतं ना सगळं.

मंगलला फोन करून सांगितलं. तिने सगळं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुम्हीच उतरून लावले असतील आणि विसरला असाल. या वयात होतं असं. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं, की आता यांना तिथे एकटं ठेवायला नको. मी तिला म्हटलं, उजवा हब मी हाताने फिरवू शकत नाही. पकड पेटीत, पेटी पडवीत. ती म्हणाली, माणूस जोशात करतो कधी कधी. असेल. मी वाद घातला नाही.

तर असं आहे. मी विसरलो म्हणावं तर ती पाच मिनिटं सोडून मला त्या सकाळचं सगळं आठवतं, अगदी पुडीवर कुठली जाहिरात होती तेसुद्धा. कोणी मस्करी केली म्हणावं तर त्या काजूखाली सकाळी कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि हब कसा फिरवायचा हे आमच्या वाडीत आम्हा दोघांनाच माहीत. कोणाला गाडीतलं कळत असेल तर सांगा. धार्मिक उपाय सांगू नका, ते पुष्कळांनी सांगून झाले.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. हे मी मंगलला सांगितलेलं नाही. स्वाती टाइप करताना वाचेल, तिने गप्प राहावं.

मी परत गेलो. त्याच वेळेला. इक्बालने दोन्ही हब फ्री करून दिले होते, ते निघताना स्वतः बघितले. या वेळी पेटी गाडीत ठेवली. काजूखाली थांबलो, पुडी काढली, मान खाली घालून तंबाखू मळली. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. मळून झाली तरी मळत राहिलो, पार पीठ झालं तिचं. मग म्हटलं, अजून थोडं थांबू, तिला आज उशीर लागेल. अर्धा तास तरी गेला असेल. समोरून एक मुंगूस रस्ता ओलांडून गेलं. शेवटी मी तोंडाने म्हटलं, "अगो, लॉक कर ना."

छोटा गियर घातला आणि निघालो.

वीस पावलं चढलो. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, रबराचा वास आला, आणि गाडी तिरकी होऊन मागे घसरली. बाजूच्या दगडी गडग्याला मागचा कोपरा लागला, तिथे अडकली. इंजिन बंद केलं. नाक गळत होतं, ते बाहीला पुसलं. किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही. खाली खाडीवर कोणाची तरी बोट चालली होती, तिचं इंजिन एका सिलिंडरवर मार खात होतं, ते ऐकत बसलो.

मग उतरलो. उतरताना धरायला काही नव्हतं, कातळावर बसूनच घसरलो. डावा हब हाताने झाला. उजव्याला पकड लावली, ती सटकली, बोटांची सालं गेली. परत लावली. गुडघा टेकून दोन्ही हातांनी ओढला. चौथ्या की पाचव्या वेळेला टक करून बसला.

वर गेलो. गवत छातीएवढं वाढलं होतं, कलमांचे बुंधे दिसत नव्हते. कोयता घेऊन गवत बेणायला लागलो, दुपारपर्यंत दोन ओळी मोकळ्या केल्या. खाली आलो तर मंगलचे तीन फोन येऊन गेले होते. केला. गाडी बघायला येणाऱ्या माणसाला येऊ नको म्हणून सांग, म्हटलं. ती चिडली, मग रडली. तुम्ही एकटे त्या घाटीने चढणार कसे, विचारलं तिने.

आज चढलो, म्हटलं.