अवसेला चावी नाही

बाबांचं घड्याळ आता माझ्या मनगटावर असतं. त्यातला चंद्र बघितला की ते वर्ष आठवतं आणि बाबांची फार आठवण येते. त्यांना घड्याळ घेऊन देण्याचा आगाऊपणा माझाच. त्या उन्हाळ्यात गुडघे साथ देईनात म्हणून त्यांनी बैलजोडी अड्याळकडच्या एका शेतकऱ्याला विकली, आणि त्या दिवसापासून माणूस गप्पच झाला. बैलांचा विषयसुद्धा काढेनात. आई फोनवर म्हणाली, "तुहे बाबा बोलतच नाही वो बाई. बैलाच्या रिकाम्या कोठ्यात जाऊन बसून राह्यते." हे आतल्या आत कुढून जातील, अशी मला धास्ती वाटली.

घड्याळ मोठं देखणं. पांढरी तबकडी, बारीक काटे, चामड्याचा पट्टा आणि खाली छोट्याशा खिडकीत निळ्या आभाळावर कलेकलेने सरकणारा सोनेरी चंद्र. सेल नाही, रोज चावी द्यायची. ज्याचा जन्म रोज उठून जनावरांचं करण्यात गेला त्याला हे बरं पडेल, असा माझा शहाणपणा.

बाबांना चंद्र आवडला. अंगणात उभे राहून आभाळातला आणि मनगटावरचा जुळतो का ते बघायचे. सकाळी तोंड धुतलं की चावी. मी खूश होते. पुढच्या महिन्यात भल्या पहाटे गावी पोचले तर घड्याळ बंद. माझं डोकंच फिरलं.

"येवढं बी होत नाही का बाबा तुमच्यानं? चावी काहून नाही देल्ली?"

"काल अवस होती," बाबा शांतपणे म्हणाले. "अवसेले बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, मंग याले काहून राबवू?"

म्हणजे दर अवसेला घड्याळाला सुट्टी. मग चंद्र मागे पडायचा आणि बाबा बाजूचं बारीक बटण बाभळीच्या काट्याने दाबून तो पुन्हा आभाळाशी जुळवायचे. मी कपाळावर हात मारला आणि नाद सोडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरीच होते. त्या संध्याकाळी हळद-तुपाने बैलांचे खांदे शेकायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आईने सवयीने तूप गरम केलं, हळद कालवली आणि वाटी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. बाबांनी ती घेतली. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पळसाच्या पानाने पट्ट्याला तूप चोळू लागले.

"बाबा, पट्टा खराब होईल."

"चामडंच तं होय." मग त्यांचा हात थांबला. "डाव्या बैलाच्या खांद्यावर गाठ होती बाई. तिथं हलक्या हातानं शेका लागते. घेणाऱ्याले सांगाचं राहूनच गेलं."

इतक्या महिन्यांत बैलांविषयी ते पहिल्यांदाच बोलले. मी त्या शेतकऱ्याला फोन लावून दिला. बाबांनी गाठ कुठे, हात कसा फिरवायचा, सगळं सांगितलं. तो माणूस तेव्हा कोठ्यातच खांदे शेकत होता. म्हणाला, थांबा, फोन डाव्या बैलाच्याच कानाशी धरतो.

बाबांनी घसा खाकरला.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."