छंदाचा रकाना

मी आडनाव सांगितलं आणि काकूंचं पेन थबकलं.

हिंदमाताला साड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा पाककलेचा क्लास. जिन्याच्या तळाशी नव्या कापडाच्या खळीचा वास, वर पोहोचेपर्यंत हिंगाचा. फॉर्मच्या शेवटी दोन रकाने होते. छंद. करिअर. मी छंदावर खूण केली होती. ठसठशीत, निळ्या शाईची.

"राहायला?"

"भोईवाडा."

माझ्या पुढच्या बाईंना त्या "तुम्ही बसा ना, पंख्याखाली बसा" म्हणाल्या होत्या. माझ्याकडे मान वर न करता म्हणाल्या, "अगं, छंद कसला करतेस? तुला करिअरला घालते. चार घरची कामं धरशील. माझ्या ओळखी आहेत." आणि माझ्या खुणेवर आडवी रेघ मारली.

मी काय करते, हे त्यांनी विचारलं नाही. एका विमा कचेरीत माझ्या सहीवाचून कागद पुढे सरकत नाही. मराठी घेऊन एम. ए. केलं आहे. पण आडनाव ऐकताच त्यांना माझ्याविषयी सगळंच कळलं होतं. अज्ञानाला एवढा थाट पिढीजातच लाभतो.

मी गप्प बसले. आज लाज वाटते, म्हणूनच लिहून ठेवते. गप्प बसले.

मला शिकायचं होतं. माझी आई दादरच्या एका घरात तीस वर्षं भांडी घासत होती. मोरीपर्यंत तिला मुभा होती, ओट्याला हात लावायची नव्हती. पातेल्यांच्या करपलेल्या बुडांवरून तिला त्या घरचा स्वयंपाक कळे. घरी परतल्यावर ती दहा मिनिटांत कुळथाची पिठी ढवळायची, आम्हाला वाढायची आणि स्वतः आमच्या मोरीपाशी उभ्याने जेवायची. आमच्या घरात रमून कुणी कधी रांधलंच नाही. मला रमायचं होतं. मोहरी तडतडते तेव्हा घाई न करता कान द्यायचा होता. त्या रकान्यात माझं एवढंच होतं.

छंदाच्या बायका खिडकीपाशी, पांढऱ्या टेबलांवर. करिअरच्या आम्ही चौघी मागे, मोरीला लागून. तीन शनिवार मी त्यांच्यासाठी नारळ खवले, लसूण सोलला. "हात बसायला हवा," काकू म्हणत. खिडकीपाशी कुणाचाच हात बसायला नको होता. तिथे एकीने मीठ समजून साखर घातली तर केवढी गोड हसाहशी होई. मागे एकीच्या खोबऱ्यात करवंटीचा काळा कण आला तर काकू म्हणत, "लक्ष कुठे असतं गं तुमचं?"

चौथ्या शनिवारी घरचा पदार्थ करायचा होता. क्लासची जुनी रीत अशी की पातेली झाकून ओळीने मांडायची, वर फक्त आकडा. नाव सांगायचं नाही. काकू प्रत्येकातला थेंब तळहातावर घेऊन चाखत.

मी आईची पिठी केली. लसूण सालासकट ठेचला, तेलात तांबूस होऊ दिला. भाजलेल्या कुळथाचा वास उठला, पहिल्यांदा नांगरलेल्या कोरड्या जमिनीसारखा. कोकम अगदी शेवटी.

माझा आकडा सात. काकूंनी थेंब घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला. या वेळी तळहात चाटला.

"ही माझ्या आजीची पिठी," त्या म्हणाल्या. आवाज ओला झाला होता. "अगदी तीच. चाळीस वर्षांनी चाखतेय. सात नंबर कोण?"

"मी."

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावरची आजी क्षणात निघून गेली.

"अगं बाई! तुमच्यात पिठी करतात?"

खिडकीपाशी कुणीतरी खुदकन हसलं. काकू नळापाशी गेल्या, हात धुतला. मग पुन्हा धुतला. परत आल्या तेव्हा त्या सावरल्या होत्या, उदारही झाल्या होत्या.

"हात चांगला आहे हो तुझा. असं कर, रविवारी येत जा. माझ्या ऑर्डरी असतात. आत बसून पिठी करायची. बाहेर कुणाला सांगायचं नाही, की झालं. करिअर होईल तुझं."

माझ्या शेजारची डिलाईल रोडची बाई माझा पदर ओढत पुटपुटली, "गप ऱ्हव गे. सर्टिफिकेट मिळाचा नाय."

मी काकूंच्या तळहाताकडे पाहत होते. ज्या जिभेने आजी ओळखली, तीच जीभ आता माझी जात चाखत होती. मला राग आला नाही. किळस आली. स्वतःच्या तोंडातली चवसुद्धा ज्यांना आडनाव विचारल्याशिवाय गिळता येत नाही, त्यांच्याकडून मी काय शिकणार होते?

"माझा फॉर्म द्या," मी म्हणाले.

"कशाला?"

"द्या."

त्यांनी दिला. मी 'करिअर'वर रेघ मारली. 'छंद'वर पुन्हा खूण केली, कागद फाटेल एवढ्या जोराने. फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला आणि टेबलावरून माझं पातेलं उचललं.

"काकू, तुमच्या आजीची पिठी माझी आई मोरीपाशी उभी राहून खात होती. खोबरं खवून ठेवलंय. पुढचं तुम्ही करा."

जिना उतरताना पातेल्याचा कढत काठ पोटाला चटके देत होता. मी ते सोडलं नाही.

आता शनिवारी मी भोईवाड्यातल्या माझ्या घरी रांधते. सावकाश. दार सताड उघडं ठेवून. डबे देत नाही, ऑर्डरी घेत नाही. पहिला घास मी घेते, बसून. काकूंचा निरोप आला होता, मोठ्या घरचं डोहाळजेवण आहे, पिठी हवी आहे. मी उलट निरोप धाडला : हवी असेल तर भोईवाड्यात यावं, माझ्या ताटात जेवावं, आणि पिठी कुणी केली हे चारचौघांत सांगावं.

त्या आलेल्या नाहीत. येणारही नाहीत. माझी अट बदलणार नाही.