डाव्या खांद्यावरची थाप

मोटरसायकल तपासायची म्हणजे मिस्त्री ती स्वतः चालवून पाहतो. आमचे उस्ताद मागे बसायचे. गाडी आपण चालवायची, त्यांनी मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं, आणि जठारपेठेतून एक चक्कर झाली की गाडीचं आणि चालवणाऱ्याचं, दोघांचंही दुखणं सांगायचं. वाटेत आपलं काही चुकलं की डाव्या खांद्यावर थाप पडे. एक थाप म्हणजे ब्रेक उशिरा लावला. दोन म्हणजे नजर भलतीकडे होती. तीन थापा आजवर फक्त मला पडल्या. त्यांचा अर्थ ‘थांबवा, मी पायी जातो’ असा होता.

“डोळे काहून मिटता, उस्ताद?” मी एकदा विचारलं.

“डोळे उघडे असले की मानूस रस्ता पायते, मास्तर. गाडी राह्यते बाजूले.”

मी मास्तर, कारण शहरातल्याच एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो. वळणावर गाडीनं किती झुकावं हे मी फळ्यावर दोन ओळींत सिद्ध करत असे. त्याच भरवशावर चाळिशीत मी स्पोर्ट बाइक घेतली. लाल, बुटकी, पुढे ओणवं होऊन चालवायची. पहिल्याच आठवड्यात ती आमच्याच गल्लीच्या वळणावर, पाणीपुरीच्या गाड्यासमोर आडवी घातली. विद्यार्थ्यांपैकी कुणी पाहू नये म्हणून घाईघाईनं ढकलत उस्तादांकडे नेली, ती आमची पहिली ओळख. त्यांनी वाकलेल्या लिव्हरवरून आणि टाकीच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. “उजव्या अंगानं पडले. तिकडं काय पाहून राह्यले होते?” पाणीपुरी, हे मी त्यांना सांगितलं नाही.

उस्ताद सगळंच असं बोटांनी पाहायचे. पाना हातात घेतला की नंबर सांगायचे, इंजिनवर तळवा ठेवून चेन सैल आहे म्हणायचे. आम्ही त्याला हुनर म्हणायचो आणि नव्या गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचो.

ती वर्षं वाईट होती. कापूस घरात आला की गाड्यांची कामं निघत, हा त्यांचा हंगाम. बोंडअळीनं तो खाल्ला. काही गाड्या तर मालकाशिवाय येऊ लागल्या. मयताचा भाऊ नाहीतर साळा ढकलत आणायचा, “विकायची हाय, चालू करून द्या” म्हणायचा. त्या गाडीला उस्ताद सगळ्यात आधी हात लावायचे आणि काम होईस्तोवर दुकानात कुणाला हसू द्यायचे नाहीत. धूळ पुसायचे, पण आरसे हलवू द्यायचे नाहीत. “त्याच्या नजरेवर लावेल हाय. नवा मालक फिरवंन. आपन नाही.”

माझा मेहुणा प्रशांत परतवाड्याला दातांचा डॉक्टर. त्यानं त्याच सुमारास उंच अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली आणि आमच्या घरात युद्ध पेटलं. “भाऊजी, तुमच्या गाडीवर बसलं की मानूस पडलेलं नाणं शोधून राह्यल्यावानी दिसते,” तो म्हणाला. त्याच्या गाडीवर चढायला शिडी लागते, असं मी म्हणालो. वळणांच्या रस्त्यावर कोणती सरस, याचा निकाल चिखलदऱ्याच्या घाटात लावायचा ठरलं. पंच उस्ताद. एकदा माझ्यामागे घाट चढायचा, खाली यायचं, पुन्हा प्रशांतमागे चढायचा.

माझ्या गाडीची मागची सीट म्हणजे पाटाचा तुकडा. त्यावर ते डोळे मिटून बसले आणि प्रत्येक वळण यायच्या आधीच कुठे झुकायचं ते झुकले. खालची चार-पाच वळणं गुळगुळीत होती. तिथं माझी लाल गाडी सुरीसारखी वळली. मी सुखावलो. पुढं रस्ता उखडलेला, सागाची ओली पानं, कडेला गिट्टी. मनगटं भरून आली, समोरचं दहा हातांपलीकडे दिसेना, आणि खांद्यावर थापांचा ताशा सुरू झाला.

प्रशांतमागे मात्र ते पोत्यासारखे निवांत बसले होते. मी मागून पाहत होतो. रुंद हँडल, ताठ पाठ, खड्डे गाडीच पोटात घालत होती.

वर पोचल्यावर निकाल लागला. “मास्तरची गाडी वळनाले चावते, पन रस्ता साफ पायजे. डॉक्टरची गाडी ब्रेक मारला का मुंडी खाली घालते, झुकाले जरा आळशी हाय. पन ते डरवत नाही. आपले रस्ते पाह्यले तर डॉक्टर जितला.” मग म्हणाले, “उंचावरून वळनाच्या पल्याडलं दिसते. दिसनं मोठी चीज हाय, मास्तर.”

चहावाल्यानं ग्लास पुढं केला. उस्तादांचा हात ग्लासच्या बाजूनं हवेत गेला आणि रिकामाच मिटला. “घाट लागला वाटते उस्तादले!” मी म्हणालो. आम्ही तिघंही हसलो.

आता माझा पराक्रम सांगतो. हरलेला माणूस किस्सा तरी जिंकतो. जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर मी तो घाट आठवडाभर सांगितला, आणि रोज थोडा वाढवून. ग्लासाची नक्कल करून दाखवली. शेवटी हशा कमी पडतोय असं वाटलं म्हणून एक वाक्य जोडलं, “डोळे मिटले काय अन् उघडले काय, उस्तादले तेवढंच दिसते!” टपरी कोसळली हसून.

हसणाऱ्यांतल्या एकानं चारच दिवसांनी दुकानात चार लोकांसमोर दोन वायरी उस्तादांपुढे धरल्या. “यातली लाल कोनती, उस्ताद?”

मीही तिथं होतो. उत्तराच्या आधीच हसायच्या बेतात होतो.

उस्तादांनी वायरी चाचपल्या. रंग बोटांना कळत नाही. “दोन वर्षं झाले, भाऊ,” ते शांतपणे म्हणाले. “साखरेच्या बिमारीनं डोळे नेले. आता मले लाल-काळं येकच.”

कुणी हसलं नाही. पण ब्रेक दुरुस्त करायला आंधळ्याकडे कोण जाईल? महिनाभरात दुकानासमोरची रांग गेली, मग दुकान गेलं. मुलगी अकोटला दिलेली होती, तिच्याकडे जायचं ठरलं.

मी म्हटलं, मी सोडतो. ते मागे बसले. अकोटचा रस्ता सरळ, वळणं नावाला. मला बोलायचं होतं, पण हेल्मेटमधून माफी मागता येत नाही. म्हणून मी चुका करू लागलो. ब्रेक उशिरा लावला, ट्रॅक्टरकडे पाहत बसलो, एका वळणावर भलतीच कड धरली. एक थाप पडली असती तर मला रडता आलं असतं. हात खांद्यावर होता, पण हलला नाही.

मुलीच्या दारात त्यांना उतरवलं. मी हात धरून ठेवला. “उस्ताद, टपरीवर ते मीच...”

“मालूम हाय.”

“आज येकही थाप नाही दिली?”

“मुद्दाम केलेली चूक सीटवर समजते, मास्तर. तिले थाप नसते.” त्यांनी माझा हात सोडवला आणि दाराची चौकट चाचपली. “टपरीवरली मुद्दाम नव्हती. तवा मी मागं बसून असतो, तर दिली असती. दोन.”

उंबरा सांभाळून ते आत गेले. पुढच्या पावसाळ्याआधीच गेले ते. मला बातमी चार दिवसांनी कळली.

लाल गाडी मी विकली नाही. प्रशांत अजून चिडवतो. किस्सेही सांगतो मी, त्याशिवाय मला राहवत नाही. पण सांगताना हशा थोडा कमी पडला आणि जोडायला एखादं वाक्य जिभेवर आलं, की डावा खांदा आपोआप ताठ होतो. मी वाट पाहतो. मग ते वाक्य गिळतो.