जीभ दाखवण्याचा कार्यक्रम

माझ्या जिभेला सतरा चिरा आहेत. मी मोजलेल्या नाहीत, आईने मोजल्या आहेत. आमची आई कोष्ट्याची लेक आणि कोष्ट्याची सून. लुगड्याच्या काठातली चुकलेली एक तार तिच्या नजरेतून सुटत नसे, तिथे पोटच्या पोराच्या जिभेवरची चीर काय सुटणार! लहानपणी ती मला दारातल्या उजेडात उभं करायची, "जीभ काढ" म्हणायची आणि मधल्या मोठ्या चिरेपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या बारीक चिरा बोटावर मोजायची. मधली चीर चांगली खोल होती. वैशाखात आमच्याकडची काळी जमीन भेगाळते ना, तशी.

या चिरा तिला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा तिने मला कडेवर घेतलं आणि धावत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा रोग नाही. कोणाचे केस कुरळे असतात, याची जीभ अशी आहे. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायला लावा. मऊ कापडाने नाहीतर मऊ ब्रशने जीभ हळूच साफ करा. चिरांमध्ये अन्न अडकू देऊ नका. बाकी, तिखट तेवढं झोंबेल."

डॉक्टर बाहेरगावचे असावेत. नागपूरच्या पाचपावलीतल्या कोष्ट्याच्या पोराला तिखट झोंबेल, हे त्यांनी किती सहज सांगून टाकलं! आमच्याकडे रविवारचा रस्सा म्हणजे काळाकुट्ट, वर बोटभर तर्री, आणि पहिल्या घोटाला कानशिलं गरम. तो न खाणाऱ्या पुरुषाकडे लोक दयेने बघत. आईने यावर जो उपाय काढला त्याला मी आजही हात जोडतो. रश्श्यात तिखट पडण्याआधी ती एक वाटी रस्सा बाजूला काढायची आणि त्याला भाजलेल्या कांद्याखोबऱ्याने असा काळा रंग आणायची की शेजाऱ्यांना सोडा, माझ्या सख्ख्या काकालाही पत्ता लागला नाही. जेवण झालं की लुगड्याच्या सुताची मऊसूत चिंधी बोटाला गुंडाळून माझी जीभ पुसायची. मी मोठा झाल्यावर चिंधी गेली आणि मऊ ब्रश आला. पंचवीस वर्षं तिने एका रविवारीही यात चूक केली नाही. (मी या पंचवीस वर्षांत काय केलं? जीभ काढली.)

मग माझं लग्न काढलं.

खरं सांगायचं तर ते मीच काढलं. मी गांधीबागेत लुगड्यांच्या एका दुकानात कामाला होतो. उमरेडच्या एका लग्नाला आमच्या दुकानातून लुगडी गेली आणि ती पोचवायला मी गेलो. बायकांपुढे लुगडं उलगडून मी म्हणालो, "बिनचूक माल आहे. एक तार इकडची तिकडे दिसली तर नाव बदलीन." तेव्हा मागून एक मुलगी पुढे आली, तिने पदरावरून नुसतं बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"इथं तार तुटली हाय," ती म्हणाली. "आता तुमचं नाव काय ठेवाचं?"

मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, आणि नागपूरला परत येईपर्यंत हसतच होतो. तिचं नाव कुसुम. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी घरात पाऊल टाकताच जाहीर केलं.

बाबांनी माग थांबवला. "कोणाची पोरगी?"

"उमरेडच्या नथ्थूजींची."

बाबांनी माग पुन्हा सुरू केला. नथ्थूजींचा रस्सा चार तालुक्यांत प्रसिद्ध होता. मुलगी बघायला आलेल्या मुलाला ते स्वतः रस्सा वाढत आणि समोर बसून बघत. आतापर्यंत दोन मुलं आली होती. पहिल्याने तिसऱ्या घासाला पाणी मागितलं, दुसऱ्याने दुसऱ्या. दोघांनाही पानसुपारी देऊन परत पाठवलं गेलं.

"आपण सरळ सांगून टाकू ना," आई म्हणाली. "जीभ अशी अशी हाय म्हणून. चोरी थोडीच केली?"

"आई, पाणी मागणाऱ्यांना परत पाठवणारा माणूस तो! आणि तू त्याला सतरा चिरा सांगणार?"

"तुयी मर्जी," ती म्हणाली. "पण मग तूप तरी लावून जा. तूप असलं की तिखट आत कमी शिरते."

तूप! एवढ्यावर कुसुम सोडायची? मी विचार केला, आपण कोष्टी. सूत मागावर चढवण्याआधी आपण त्याला खळ देतो, पिठाची शिजवलेली पेज. ती वाळली की तार कडक होते, घासलं तरी तुटत नाही. सुताला जे चालतं ते जिभेला का नाही चालणार? (माझ्या घराण्यात पिढ्यानपिढ्या खळ शिजत होती, पण ती तोंडात घालण्याची बुद्धी कुणालाही झाली नव्हती. तो मान माझा!) मुलगी बघायला निघायच्या सकाळी मी मोरीत गेलो, आईने लावलेलं तूप पुसून काढलं आणि जिभेवर खळीचा जाड थर दिला. धरून राहावी म्हणून वर थोडा डिंक मिसळला. पहिला थर जरा सुकल्यावर दुसरा दिला.

उमरेडच्या एसटीत मी खिडकीशी बसलो आणि थर ओला होऊ नये म्हणून तोंड उघडं ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस, बाहेरून भट्टीसारखा वारा.

"तोंड मिट ना गा, धूळ जाऊन राहिली," आई म्हणाली.

मी हातानेच 'असू दे' म्हटलं. कुहीच्या फाट्यापर्यंत खळ छान वाळली. उमरेडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझी जीभ कडक होती, मागच्या बाजूने टाळूला चिकटली होती आणि मला एकही शब्द बोलता येत नव्हता.

नथ्थूजी दारातच उभे होते. उंच, पांढऱ्या मिशा, नजर थेट. "या, या. नाव काय बापा तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"म्म," मी म्हणालो.

"काय?"

"म्म्म."

नथ्थूजींनी बाबांकडे पाहिलं. "मुका हाय का पोरगा?"

आमचे बाबा वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारे, पण वेळेला धावून आले. "मौन हाय आज त्याचं," ते म्हणाले. "दर मंगळवारी."

"आज तं बुधवार हाय."

"मागच्या मंगळवारचं राहिलं होतं," बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की खळ आणखी वाळली. तिला सगळं कळलं होतं. मोरीतल्या खळीच्या भांड्यावर तिची नजर सकाळीच गेली असणार, फक्त आपला पोरगा एवढा शहाणा असेल असं तिला वाटलं नसावं.

"मौनात जेवता येते ना?" नथ्थूजींनी विचारलं.

"जेवता येते," बाबा म्हणाले.

ओसरीवर पाटावर बसलो. आतल्या दाराच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या. कुसुम तिथे होती. नथ्थूजींनी स्वतःच्या हाताने वाटीत रस्सा वाढला आणि समोर मांडी घालून बसले. त्यांच्या मागे कुसुमची आत्या बसली, हातात पंखा. मी देवाचं नाव घेतलं आणि पहिला घोट घेतला.

काहीच झालं नाही!

दुसरा घोट. काही नाही! तिसरा घोट, जिथे पहिला मुलगा गारद झाला होता. काही नाही! नथ्थूजींच्या भुवया वर गेल्या. पंखा थांबला. मला इतका आनंद झाला की मी वाटी उचलून एका दमात रिकामी केली आणि पुढे धरून आणखी मागितला. (माणसाने कुठे थांबावं हे मला कधीच कळलेलं नाही.)

दुसरी वाटी अगदी कढत होती. चुलीवरून उतरवलेली. तिच्या पहिल्याच घोटाला जिभेवर काहीतरी हललं. खळ सुटली. तुकड्यातुकड्याने नाही, पुढचा सगळा भाग एकसंध सुटला, पांढरा, जिभेच्या आकाराचा, मधल्या चिरेच्या ठशासकट, आणि माझ्या तोंडातून वाटीत पडून तर्रीवर तरंगायला लागला.

"अवो माय!" आत्या किंचाळली. "जीभ पडली वं पोराची! जीभ पडली!"

त्याच क्षणी नथ्थूजींच्या रश्श्याला माझ्या सतराच्या सतरा चिरा सापडल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावरून पाणी. पाणी पाहिजे होतं फक्त तोंडात, पण मागची खळ अजून टाळूला घट्ट धरून होती आणि मला 'पाणी' म्हणता येईना! मी 'म्म, म्म' करत हात हलवले. ते नमस्कारासारखे दिसले असावेत, कारण आत्यानेही घाबरून मला हात जोडले. तिच्या आवाजाने शेजारची चार माणसं आत आली. कुणी म्हणालं वैद्याला बोलवा, कुणी म्हणालं तो तुकडा बर्फात ठेवा.

"जीभ काढ गा," नथ्थूजी गरजले.

मुलगी बघायला आलेल्या मुलाने भर ओसरीवर, दहा माणसांपुढे जीभ काढली. लोक वाकले. कुणीतरी मागे सरकलं. "फाटली हाय पार," एक जण हळूच म्हणाला.

तेव्हा आई उठली. आमच्याकडे मुलाच्या आईने अशा कार्यक्रमात फार बोलायचं नसतं, पण ती सरळ नथ्थूजींसमोर जाऊन उभी राहिली.

"फाटली-बिटली नाही," ती म्हणाली. "जन्मापासून अशीच हाय. सतरा चिरा हायेत. डॉक्टरनं सांगतलं, रोग नाही. तिखट झोंबते एवढंच. जेवल्यावर चूळ भराची, मऊ ब्रशनं हळूच घासाची, बस. पंचवीस वर्षं म्या केलं, कधी फोड आला नाही का वास आला नाही. तुमच्यापासून लपवलं, हे चुकलं. त्याची माफी मांगतो. पण माह्या पोराच्या जिभेले कोणी नावं ठेवाची नाही."

 लपवायचा हट्ट माझा होता, खळ माझी होती, आणि माफी ती मागत होती. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही, आणि आईचा इतका अभिमानही. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर "म्म."

पडदा बाजूला झाला. कुसुम ताकाचा तांब्या घेऊन आली आणि कुणाची परवानगी न घेता माझ्यासमोर बसली.

"तोंडात धरा," ती म्हणाली. "गिळू नका. चिरांत जाऊ द्या."

गार ताक. त्या क्षणाचं वर्णन करणं मला आजही जमत नाही. तीन चुळा भरल्या तशी मागची खळ सुटली. मग ती म्हणाली, "आता दाखवा," आणि लुगड्याचा काठ तपासावा तशी मान तिरकी करून तिने माझी जीभ तपासली. ओठ हलत होते. ती मोजत होती!

"सतरा नाही, अठरा," ती म्हणाली. "डाव्या कडेले एक बारीक हाय."

आई चमकली. वाकली. डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली.

"हाय वं," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात हरल्याचं दुःख नव्हतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्या तोडीचं भेटलं, असा तो आवाज होता. मला मात्र त्या दोघी मिळून माझ्या तोंडात बघत होत्या हे पाहून पुढचं सगळं आयुष्य दिसलं.

जीभ आत घेतल्यावर मी पहिलं वाक्य बोललो. "चूक माझी आहे. आई सांगा म्हणत होती, मीच नको म्हणालो."

नथ्थूजी पुढे वाकले. त्यांनी माझ्या वाटीतला तो पांढरा तुकडा दोन बोटांनी उचलला, चोळला, उजेडात धरला.

"खळ कोणं शिजवली?"

"मी."

"डिंक जास्त झाला."

"हो."

 आत्याने पानसुपारीच्या तबकाकडे हात नेला. ते तबक कशासाठी असतं हे मला माहीत होतं.

"थांब वं," नथ्थूजी तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "दोघं आले. धडधाकट जिभेचे. दोघायनं पाणी मांगतलं. हा पोरगा अठरा चिरा घेऊन पुरी वाटी पेला, वरून दुसरी घेतली, डोळ्यांतून धारा लागल्या, पण पाणी नाही मांगतलं! कुसुमसाठी हा एवढं सोसते, अजून काय पायजे?"

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की माझं मौन पुन्हा सुरू झालं.

लग्न झालं. आईने पहिल्याच आठवड्यात कुसुमला रश्श्याची काळी वाटी शिकवली आणि ब्रश तिच्या हातात दिला. आई गेल्यानंतरही ती वाटी एकाही रविवारी चुकलेली नाही. या दोन बायकांनी ज्या मायेने ही भेगाळलेली जीभ सांभाळली, तेवढी माया माझ्या वाट्याला सरळ गुळगुळीत जिभेमुळे आली असती असं मला वाटत नाही.

परवा जेवण झाल्यावर कुसुमने सहज विचारलं, "त्या दिवशी तुम्ही पाणी काहून नाही मांगतलं?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. इतकी वर्षं जपून ठेवलेलं उत्तर होतं.

ती ब्रश घेऊन समोर उभी राहिली. "जीभ टाळूले चिकटली होती. ताकाच्या चुळीत डिंकाचा गोळा पडला, मी नाही पाह्यला का? दाखवा जीभ."

म्हणजे तिला ओसरीवरच सगळं कळलं होतं, तरी तिने लग्नाला होकार दिला! मी यावर काहीतरी छानसं बोलणार होतो, पण जीभ बाहेर होती.