मार्गशीर्षातली मरळ

साताऱ्याहून पहिली एसटी धरून कडेगावच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरलो, तेव्हा थंडीनं बोटं वळत नव्हती. पाठीला नवी कोरी गळाची काठी, पिशवीत आमिषासाठी एक रबरी बेडूक आणि निवृत्तीनंतर आपण मासेमारीत पंडित झालो आहोत हा गैरसमज, एवढंच सामान. उसाच्या कडेकडेनं मैलभर चाललो आणि समोर तलाव आला. पाण्यावरून वाफा निघत होत्या. इतकं देखणं पाणी शेजारच्या जिल्ह्यात असताना आपण दर वर्षी कोकणात धडपडत जातो, याचा मला रागच आला.

काठावर तात्या जाळं उलगडत बसले होते. माझ्या मित्राच्या गावचे; सारं आयुष्य याच पाण्यात मासे धरण्यात गेलेलं. लगेच गळ टाकू का, असं विचारल्यावर ते हसले.

"आवं, पाणी अजून गारठलंय. मासा तळाला गप बसलाय. दगडं तापली की कडंला येतोय त्यो. तवर च्या घ्या."

माझा रबरी बेडूक त्यांनी तळहातावर उलटापालटा करून पाहिला. "खरं बेडूक थंडीत झोपल्यात. ह्यो एकटाच जागा हाय म्हणायचा."

चहा घेऊन तात्यांच्या पत्नी मालनकाकी आल्या आणि त्यांच्याकडून खरी अडचण कळली. मुलगा अजित फौजेत. सुट्टी संपवून उद्या पहाटे तो सीमेवर परत निघणार होता. त्याला जाण्याआधी या तलावातली मरळ (काटे कमी असलेला, चवीचा मासा) खाऊ घालायची, असं काकींच्या मनात होतं. पण थंडी वाढल्यापासून जाळ्यात मरळ येतच नव्हती. त्यात उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. घरात घट मांडायचा, म्हणजे मासळी बंद. जे काही व्हायचं ते आजच, बुधवारी.

"तिकडं डब्यातलं खातंय पोरगं," काकी म्हणाल्या. "एक मरळ मिळाली असती तर बरं झालं असतं."

अकराच्या सुमारास आम्ही पाण्यात उतरलो, ते काहिलीतून. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची भलीमोठी पसरट कढई. जुनी झाली की इथली माणसं तिचीच नाव करतात. अजित वल्हं मारत होता, तात्या पाणी न्याहाळत होते. मरळ श्वास घ्यायला वर येते म्हणे. पाणवनस्पतींजवळ दोन बुडबुडे दिसताच तात्यांनी बोट केलं. मी बेडूक बरोबर तिथं टाकला आणि काय सांगू, पाणी फुटलं, काठी कमानीसारखी वाकली.

आनंदाच्या भरात मी उठून उभा राहिलो. काहिलीत कधी उभं राहायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिला ना पुढचं टोक, ना मागचं. ती गर्रकन फिरली, कडेवरून पाणी आत आलं, मी तात्यांच्या मांडीवर आदळलो आणि दोरी सैल पडली. मरळ गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या पाणी उपसू लागले. अजित म्हणाला, "काका, तुमाला लागलं न्हाई न्हवं?" त्या प्रश्नानं तर मी आणखीच खजील झालो.

दुपारी जाळ्यात चार चिलापी आल्या, तेवढ्याच. काकींनी त्यांचं तांबडंलाल कालवण केलं. ज्वारीच्या गरम भाकरीशी ते इतकं अप्रतिम लागत होतं, की मी लाज सोडून तीनदा मागून घेतलं. काकी मात्र अजितच्या ताटाकडंच बघत होत्या.

"मरळ न्हाई मिळाली रं," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे की आई. तळ्यात माझं कायतरी ऱ्हायलं पायजे. ती हाय तवर मला यावंच लागंल."

त्या रात्री मी तिथंच मुक्काम केला.

पहाटे अजित गेला. घट मांडून झाला तरी काकींना घरात बसवेना. त्या तात्यांच्या मागोमाग तळ्यावर आल्या. गुरुवार असला तरी रात्रीचं जाळं काढावंच लागतं. मासा कुजवायचा नाही, हा तात्यांचा नेम. अर्धं जाळं मोकळंच आलं आणि मग एका टोकाला हातभर लांब मरळ तडफडताना दिसली. मरळ जात जिवट, अंगात चांगला जोर होता.

"कडेगावात कुणीबी उचलंल," तात्या म्हणाले, पण बघत होते काकींकडं.

"सोडा तिला."

"आगं..."

"सोडा म्हणतीया न्हवं. पोरगं काय बोलून गेलंय?"

तात्यांनी जाळ्याचे दोन फास चाकूनं कापले आणि मरळ दोन्ही हातांनी पाण्यात धरली. क्षणभर ती तशीच राहिली, मग शेपटी मारून खोल गेली. काकींनी पदरानं डोळे टिपले. मलाही रडू आवरलं नाही.

घरी आल्यावर सगळ्यांनी तलावाचं नाव विचारलं. मित्रांनी तर काठ्यासुद्धा बाहेर काढल्या. मी कुणालाही सांगितलं नाही, आणि इथंही मुद्दाम लिहिलेलं नाही. अजित सुट्टीवर येईपर्यंत त्या पाण्यात परक्याचा गळ पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.