हरलेली डिस्क

शहागंजात एका म्हाताऱ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रोज दुपारी तो बाकावर बसून एक जुना प्लेअर लावतो. आत त्याच्या वारलेल्या बायकोच्या एकुलत्या एक चित्रणाची डिस्क घरघरत फिरते. पडदा काळाच राहतो.

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या डिस्क बाजारात एकमेकींशी भांडत होत्या, तेव्हा भाच्यानं हौसेनं ते चित्रण एचडी डीव्हीडीवर उतरवून दिलं होतं. एचडी डीव्हीडी हरली. कंपन्यांनी तिचे प्लेअर बनवणंच बंद केलं. या बाईचं हसणं कुणाच्या तोट्यात धरलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

“बाबा, प्लेअरची लेन्स गेलीय,” टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेला मी त्याच्या शेजारी बाकावर बसत म्हणालो. “काहीच दिसत नाय.”

“तुला दिसत नसंल.” त्यानं प्लेअरवर तळहात ठेवला. “गप बस. आता ती मला येडा म्हणती.”

थोडं थांबून तो लाजून हसला. मग माझ्याकडं वळला.

“जरा सरक की. तिला बसू दे.”

भुताखेतांविरुद्ध मी चौकाचौकांत पत्रकं वाटली आहेत. तरी मी बाकाच्या टोकाला सरकलो, आणि उठताना मधल्या जागेला हात लागू दिला नाही.