गळ्यातली ग्रंथी आणि माझा राग

बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मी बोलायला उभी राहिले की आमच्या आंबेडकरी युवक मंडळातली पोरं घड्याळ बघायची नाहीत. पत्रकं मी लिहायची, भाषणं मी करायची. आम्ही माळेगावात राहायचो. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. शाळेच्या पुस्तकाआधी त्यांनी मला चळवळीची पत्रकं वाचायला लावली होती, आणि माझ्या प्रत्येक सभेला ते पुढच्या रांगेत असायचे.

त्या वर्षी माझं शरीर धावायला लागलं. भरपूर खाऊनही वजन उतरत होतं. थंडीत घाम फुटायचा, झोप दोन-तीन तासांवर आली, छाती सारखी धडधडायची. डोळे इतके मोठे झाले की फोटोत मी कुणावर तरी ओरडतेय असं वाटायचं. दुसऱ्या कुणाच्या घरी लिंबू उतरवलं असतं, देवऋषी बोलावला असता. आमच्या घरातून देव, भूत, नजर हे सगळं आजोबांनी बौद्ध धर्मांतराच्या वेळीच बाहेर काढलं होतं. त्यामुळे मला जे होत होतं त्याला आमच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. तळमळ.

"पोरगी पेटलीया," वडील दारात बसून शेजाऱ्यांना सांगायचे. "समाजापायी अन्न ग्वाड लागंना तिला."

आत मी चौथी भाकरी मोडत असायचे.

एक दिवस कॉलेजचा जिना चढताना मांड्यांतली ताकद गेली आणि मी पायरीवरच बसले. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं, वडील ड्यूटी सोडून आले. डॉक्टरांनी गळा चाचपला, आवंढा गिळायला लावला. मग हात पुढे ताणून बोटं पसरायला सांगितली आणि त्यावर ठेवायला कागद मागितला. वडिलांनी खिशातून माझंच पत्रक काढून दिलं. ते माझ्या बोटांवर पंख्याच्या वाऱ्यात असल्यासारखं फडफडू लागलं. पंखा बंद होता.

रक्त पुण्याला पाठवलं. आठवड्यानं रिपोर्ट आला.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी वडिलांना विचारलं.

"बॉयलरवर हाय, सायेब."

"मग तुम्हाला लगेच कळेल. हिच्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी आहे. ती जे हार्मोन रक्तात सोडते त्यावर शरीराचा जाळ ठरतो. भूक, घाम, ठोके, झोप, सगळं. मेंदूखाली दुसरी ग्रंथी आहे, ती मुकादम. वाफ कमी पडली की जळण टाक म्हणते, पुरेशी झाली की थांब म्हणते."

"आन् हिचा मुकादम?"

"तो कधीचा गप्प बसलाय. पण रक्तात भलतंच काहीतरी तयार झालंय, ते थायरॉईडला टाक, टाक म्हणत राहतं."

"म्हंजी बॉयलर फुटायचा की वो!"

"म्हणून गोळ्या. रोज. मनानं बंद करायच्या नाहीत."

दोन महिन्यांत ठोके खाली आले, मी झोपू लागले, अंग भरलं. आणि लिहिता येईना. एका ओळीनंतर दुसरी शोधावी लागायची. पूर्वी त्या आपणहून चालून यायच्या.

"ताई, सरपण वलं झालं का काय तुमचं?" मंडळातला एक जण म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. पुढच्या सभेला दुसरा वक्ता ठरला. वडिलांनी दारात बसून माझ्याबद्दल सांगायचं थांबवलं.

घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी त्यात एकटी होते. या सगळ्यांना मी आवडत होते की माझा आजार? मला स्वतःला तरी कोण आवडत होतं?

निमगाव केतकीहून आंबेडकर जयंतीच्या भाषणाचं बोलावणं आलं तेव्हा मी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पाच आठवडे. धडधड परत आली, घाम परत आला. मी त्यांचं स्वागत केलं.

भाषण जोरात झालं. मध्येच पुढं बसलेल्या एका म्हातारीच्या गळ्यात मला देवीचा टाक दिसला, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली मूर्ती. मी तिच्याकडे बोट केलं. म्हणाले, "या आजीसारख्या माणसांनी बाबासाहेबांना हरवलं. गळ्यात गुलामी घालून जयंतीला येतात!" आणखीही बरंच बोलले. टाळ्या थांबेनात. म्हातारी पदर सावरत उठली आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

परतीच्या एसटीत वडिलांचा चेहरा फुलला होता. "आज माझी पोरगी परत आली," ते म्हणाले.

ते मला सहन झालं नाही. मी गोळ्यांचं सांगून टाकलं.

बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्या म्हातारीला बोलली ती तू, का ती ग्रंथी?"

ग्रंथी, हे उत्तर सोयीचं होतं. गोळ्या बंद केल्याबद्दल रागावताना डॉक्टरांनीही पुढे सांगितलंच, या आजारात चिडचिड होते. पण ग्रंथीला मराठी येत नाही. वेग तिचा असेल, शब्द मी निवडले होते. टाळ्यांसाठी निवडले होते.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तीन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी एकटीच निमगावला गेले. विचारत विचारत म्हातारी सापडली. पोत्यावर मिरच्या मांडून बसली होती. टाक गळ्यात तसाच होता. मी जयंतीचा विषय काढला.

"व्हय, आली हुती एक पोरगी," ती म्हणाली. "बटाट्यायेवढं डोळं. लई वंगाळ बोलली. मेलेल्या सासूच्या गळ्यातला टाक हाय ह्यो, दुसरं काय बी न्हाय तिचं माझ्याकडं." मग माझ्याकडे निरखून बघत, "तुजी कोन लागती ती?"

अंग भरल्यामुळे आणि डोळे जरा आत गेल्यामुळे तिनं मला ओळखलं नव्हतं. कोणीच नाही, असं म्हणून मिरच्या घेऊन निघता आलं असतं.

"मीच ती, आजी," मी म्हणाले.

तिनं तराजू खाली ठेवला. ती गिऱ्हाइकांकडे वळली. मी माफी मागितली. माझा आवाज इतका लहान होता की माफी मला दुसऱ्यांदा मागावी लागली.